घर बांधताना सिमेंटचा कार्बन कमी कसा करावा : कोल्हापूर भागासाठी पायरी-पायरीने

कोल्हापूर जिल्ह्यात काळा पाषाण हवा तेवढा आहे, सह्याद्रीच्या माथ्यावर जांभा आहे, नदीकाठाला काळी माती आहे. सिमेंटचा कारखाना चालेल एवढी चुनखडी मात्र आपल्याकडे नाही. त्यामुळे भट्टीही नाही. आपल्या दुकानात उतरणारी बरीचशी पोती कर्नाटकातल्या चुनखडीच्या पट्ट्यातून, कलबुर्गी-बागलकोटकडून येतात. धुराडं तिकडे आहे, म्हणून इथे कुणाला वाटत नाही की सिमेंटच्या प्रदूषणाशी आपला काही संबंध आहे. मी वीस वर्षं साइटवर उभा राहतोय आणि मला उलटं दिसतं. त्या भट्टीत किती क्लिंकर (ज्याला दळून सिमेंट होतं ते भाजलेले गोटे) भाजायचं हे शेवटी आपल्या साइटवर ठरतं: कोणतं पोतं मागवलं, किती मागवलं, त्यातलं किती वाया घालवलं आणि टाकलेल्या स्लॅबवर किती दिवस पाणी मारलं.

स्वतःचं घर बांधणारा मालक, छोटे ठेकेदार आणि नवे साइट इंजिनिअर यांच्यासाठी हे लिहितोय. यातलं बहुतेक करायला जास्त पैसे लागत नाहीत. लक्ष मात्र लागतं.

पायरी १ : पोत्यामागचा हिशेब समजून घ्या

चुनखडी आणि माती एकत्र दळून ती साधारण १४५० अंशांवर भाजली की काळे-करडे गोटे तयार होतात. हे क्लिंकर. त्यात थोडं जिप्सम घालून दळलं की झालं साधं सिमेंट, म्हणजे ओपीसी.

आता यातली गोम. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली, तर ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो दगडातच बांधलेला असतो, उष्णता लागली की सुटतो. भट्टीत कोळशाऐवजी कचरा जाळला, सौरऊर्जा वापरली, तरी हा ४४ किलो सुटायचा राहत नाही. क्लिंकरच्या एकूण उत्सर्जनात सुमारे ६० टक्के वाटा या दगडातल्या कार्बनचा आणि उरलेला इंधनाचा. म्हणूनच जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सिमेंटचा वाटा ७-८ टक्क्यांवर गेलाय, आणि सिमेंट उत्पादनात चीननंतर आपला देश दुसरा आहे.

आपल्या जुन्या चुन्याच्या भट्टीतही हेच घडायचं. फरक एवढाच की घाण्यात मळलेला चुना भिंतीत बसल्यावर हवेतला कार्बन हळूहळू परत ओढून घेत घट्ट व्हायचा. सिमेंटही थोडा घेतं, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. उलट काँक्रीटमध्ये तो खोलवर शिरला की सळई गंजायला लागते.

तेव्हा लक्षात ठेवायची गोष्ट एकच: पोत्यात क्लिंकर किती. एक टन क्लिंकरमागे सुमारे ०.८५ टन कार्बन डायऑक्साइड धरला, तर ५० किलोच्या ओपीसीच्या पोत्यात ९५ टक्के क्लिंकर म्हणजे साधारण ४० किलो कार्बन (इथून पुढे कार्बन म्हणजे कार्बन डायऑक्साइडच). ६५ टक्के क्लिंकर असलेल्या पीपीसीच्या, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटच्या पोत्यात २८ किलो. निम्मी स्लॅग (पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीतून निघणारी) असलेल्या स्लॅग सिमेंटमध्ये क्लिंकर ४५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १९ किलो. दळण्याची वीज आणि ट्रकचं डिझेल यात धरलेलं नाही.

हजार चौरस फुटांच्या आरसीसी घराला ढोबळमानाने ४०० पोती लागतात, हा आपल्याकडे सगळ्यांना पाठ असलेला अंदाज. सगळी ओपीसी असतील तर १६ टन कार्बन. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, शेवटी लागणार आहे.

पायरी २ : कुदळ मारण्याआधी आकार ठरवा

सगळ्यात मोठी बचत कागदावर होते, आणि तिथेच लोक सगळ्यात कमी वेळ देतात. नकाशा महापालिकेत नाहीतर ग्रामपंचायतीत दाखल करायची घाई असते, मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला आठ दिवसही मिळत नाहीत.

पहिला प्रश्न: जुनं घर पाडायलाच हवं का? पेठांमधली कितीतरी घरं छत गळतंय, जिना अरुंद आहे एवढ्यासाठी जमीनदोस्त होतात. दगडी जोतं आणि जाड भिंती धड असतील, तर इंजिनिअरकडून तपासून घेऊन त्यावरच नवं छत घेता येतं का ते पाहा. जे बांधावं लागलं नाही, त्याला सिमेंटच लागत नाही.

दुसरं, पाया. काळ्या मातीत घर असेल, आणि शिरोळ-करवीरच्या नदीकाठच्या गावांत ते असतंच, तर मुरूम किती खोल लागतो हे खड्डा घेऊन बघा. शेजारच्याने सहा फूट घेतला म्हणून आपणही सहा फूट, असं करू नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर लोकांनी जोती उंच केली, ते बरोबरच आहे. पण उंच जोतं म्हणजे आतपर्यंत काँक्रीटच भरायचं असं नाही. मुरूम-डबराची थराथराने पाणी मारून, रोलर नाहीतर धुमस फिरवून केलेली भरणी तेच काम करते. राडारोडा कुठे वापरायचा असेल तर याच भरणीत वापरा.

तिसरं, कॉलमची जागा. खोल्या एकावर एक, कॉलम सरळ रेषेत, दोन कॉलममध्ये १२ ते १४ फूट अंतर असलं की बीम आटोपशीर राहतात. पुढे हॉलमध्ये कॉलम नको म्हणून २२ फुटांचा बीम घेतला की त्या एका हौसेपायी पोती आणि सळई दोन्ही वाढतात. तसंच "पुढं तीन मजले चढवू" म्हणून आज फुटिंग फुगवून ठेवणं. मुलं खरंच इथे राहणार असतील तर जरूर करा, नाहीतर दोनच मजल्यांचं डिझाइन घ्या.

इथे एक ताकीद. काटकसर म्हणजे इंजिनिअरने दिलेली सळई काढणं किंवा कॉलम बारीक करणं नव्हे. कोयना आपल्यापासून लांब नाही आणि १९६७ चा भूकंप आठवणारी माणसं अजून आहेत. आकार डिझाइनने कमी करायचा असतो, मिस्त्रीच्या अंदाजाने नाही.

पायरी ३ : दुकानात पोतं वाचून घ्या

दुकानदार विचारतो, "कुठलं देऊ, ५३?" आणि आपण मान डोलावतो. ५३ म्हणजे जास्त ताकद, म्हणजे जास्त चांगलं, असं डोक्यात बसलंय. घराच्या एम २० किंवा एम २५ (म्हणजे २८ दिवसांत २० किंवा २५ मेगापास्कल ताकदीच्या) काँक्रीटला ५३ ग्रेडची गरज क्वचितच पडते. लवकर पाणी घेऊन लवकर आवळतं म्हणून मिस्त्रींना ते आवडतं. त्यांचं सेंटरिंग लवकर सुटतं, दुसऱ्या साइटवर जातं.

पोत्यावर आयएस, म्हणजे भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असतो तो वाचा. २६९ असेल तर ओपीसी. १४८९ भाग १ असेल तर राख मिसळलेलं पीपीसी. त्यात १५ ते ३५ टक्के औष्णिक वीज केंद्राची उडती राख असते, आणि किती टक्के ते पोत्यावर लिहिलेलं असतं. दोन कंपन्यांचं पीपीसी समोर असेल आणि दर सारखा असेल, तर जास्त राखेचं घ्या. ४५५ असेल तर स्लॅग सिमेंट. त्यात २५ ते ७० टक्के स्लॅग चालते. ही स्लॅग पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीतली, पाण्याने झटकन थंड करून दळलेली. कोकणात डोलवीला आणि पलीकडे तोरणगल्लूला असे मोठे कारखाने आहेत, त्यामुळे हे सिमेंट आपल्या भागात मागितलं तर मिळतं. १६४१५ असेल तर राख आणि स्लॅग दोन्ही असलेलं कंपोझिट.

चुनखडीची पूड आणि ८०० अंशांच्या आसपास भाजलेली केओलिनची माती क्लिंकरमध्ये मिसळून केलेलं एलसी-३ हे सिमेंटही आता मानकात आलंय, आयएस १८१८९, सन २०२३. यात क्लिंकर निम्म्यावर येतं. दिल्ली आणि मद्रासच्या आयआयटींनी स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांबरोबर त्यावर बरीच वर्षं काम केलं. दुकानदाराला विचारत राहा. मागणी असल्याशिवाय तो ठेवणार नाही.

माझा शिरस्ता असा: पाया, फुटिंग, जोत्यापर्यंतचे कॉलम, पाण्याची टाकी, जिथे जिथे ओल आणि काळी माती आहे तिथे स्लॅग सिमेंट. ते सावकाश ताकद धरतं, पण जमिनीतल्या क्षारांना चांगलं तोंड देतं, आणि पायाला घाई नसतेच. वरच्या कॉलम-बीम-स्लॅबला पीपीसी. बांधकाम आणि गिलाव्यालाही पीपीसी, तिथे ओपीसी वापरणं म्हणजे नुसती नासाडी. पीपीसी बहुतेक वेळा ओपीसीपेक्षा स्वस्तच पडतं.

एक गोष्ट खरी आहे ती सांगायला हवी. मानकाप्रमाणे पीपीसीने २८ दिवसांत किमान ३३ मेगापास्कल ताकद दाखवायची असते, ओपीसी ५३ ने ५३. प्रत्यक्षात चांगलं पीपीसी ३३ च्या बरंच वर जातं, पण किती वर ते गृहीत धरू नका. क्यूब, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे भरून लॅबमध्ये फोडून तपासा. त्यासाठीच पुढची पायरी आहे.

पोतं कोणत्या आठवड्यात तयार झालं तेही छापलेलं असतं. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने घटते, आणि आपल्या पावसाळ्यात त्याहून लवकर. लागेल तसं मागवा. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब, दहापेक्षा जास्त थर न लावता, वरून ताडपत्री. गोळे झालेलं पोतं चाळून वापरणं हा सौदा तोट्याचा, कारण मग मिस्त्री "जरा जास्त टाका" म्हणतो.

पायरी ४ : मिश्रणात पोतं कमी करा, ताकद नको

आपल्याकडे एम २० म्हणजे १:१॥:३. एक फर्मा (मापाचा खोका) सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. या ठोकताळ्याने घनमीटरला साधारण ८ पोती जातात. तीच वाळू, तीच खडी प्रयोगशाळेत नेऊन मिक्स डिझाइन करून घेतलं, थोडं प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारं द्रव) वापरलं, तर ६ ते ६॥ पोत्यांत तीच ताकद मिळते. आयएस ४५६ ची आरसीसीसाठी किमान मर्यादा घनमीटरला ३०० किलो, म्हणजे ६ पोती. त्याच्या खाली जायचं नाही. घराला ३५-४० घनमीटर काँक्रीट लागलं तर नुसत्या या एका कामात ५० ते ६० पोती वाचतात.

कोल्हापुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये हे करून मिळतं. क्रशरवरून येणारी वाळू आणि दोन्ही मापांची खडी पोत्यात भरून द्यायची, जे सिमेंट वापरणार तेच द्यायचं. महिनाभर आधी द्या, कारण २८ दिवसांचे क्यूब फुटल्याशिवाय ते आकडा देणार नाहीत. आणि निकाल किलोत घेऊन थांबू नका. त्यांच्याकडून एका पोत्यामागे किती फर्मे वाळू, किती खडी, किती लिटर पाणी असं लिहून घ्या आणि तो कागद मिलरच्या, म्हणजे काँक्रीट मिक्सरच्या शेजारी लावा. गवंड्याला किलो कळून उपयोग नाही, त्याच्या हातात फर्मा आणि घमेलं असतं.

फर्म्याने मोजताना सगळ्यांचं चुकतं ते ओल्या वाळूत. ओलसर वाळू फुगते, कण एकमेकांपासून लांब राहतात. फर्मा भरलेला दिसतो, पण आत वाळू कमी असते. वाळू कमी पडली की एका पोत्यात कमी काँक्रीट तयार होतं, आणि स्लॅब संपेपर्यंत पोती जास्त लागतात. हे तपासायला काचेची उभी बरणी पुरते. वीस सेंटिमीटरपर्यंत ओली वाळू सैलसर भरा. मग बरणीत पाणी घालून काडीने ढवळा आणि बसू द्या. वाळू खाली बसून सोळा सेंटिमीटर झाली, तर वीस भागिले सोळा, म्हणजे वाळू २५ टक्के फुगलेली होती. त्या दिवशी एका फर्म्याऐवजी सव्वा फर्मा वाळू घ्यायची. सकाळी एकदा, पाऊस पडून गेला की पुन्हा एकदा. पाच मिनिटांचं काम आहे.

त्याच ओल्या वाळूत पाणीही असतं. पोत्यामागे १२० किलो वाळू आणि तिच्यात ५ टक्के पाणी असलं, तर ६ लिटर पाणी आधीच मिलरमध्ये गेलं. डिझाइनने २५ लिटर सांगितलं असेल तर वरून फक्त १९ घालायचं. पाइप मोकळा सोडून "जरा पातळ करा" हे वाक्य ज्या साइटवर ऐकू येतं, तिथे ताकद जाते, आणि मग पुढच्या वेळी ती भरून काढायला पोती वाढवली जातात. काँक्रीट फिरेना असं वाटलं तर पाणी नाही, प्लास्टिसायझर, तेही डब्यावर लिहिलेल्या आणि लॅबने ठरवलेल्या मापाने. स्लम्पचा शंकू (ओलं काँक्रीट किती पातळ आहे ते मोजायचा) साइटवर ठेवा. हाताने टाकायच्या स्लॅबला ७५ ते १०० मिलिमीटर बसला की पुरे.

पाण्याच्या बॅरलबद्दल आपल्या भागापुरतं एक सांगतो. काही वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावात मी दोन कॉलम भरले. दुसऱ्या दिवशी प्लेटा काढल्या तर काँक्रीटला नखाने ओरखडा पडत होता. सिमेंट नवं, वाळू धुतलेली, मला काही कळेना. दुपारी बॅरलपाशी गेलो तर त्याच्या कडेला मुंग्यांची रांग. बॅरल गुऱ्हाळावरून आणलेलं होतं, तळाला काकवीचा थर होता, आणि मी ते न बघता त्यात पाणी भरायला सांगितलं होतं. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखरही जमणं लांबवते, म्हणजे एका पोत्याला २५ ग्रॅम. दोन्ही कॉलम फोडून पुन्हा भरले. त्या चार चमच्यांच्या गोडीने गेलेल्या पोत्यांचा कार्बन कुठल्याही राखेच्या सिमेंटने भरून निघत नाही. तेव्हापासून बॅरल मी स्वतः हात घालून बघतो. जुन्या चुन्यात गूळ घालत, म्हणून कुणी सिमेंटमध्ये घालायला सांगितलं तरी ऐकू नका.

पायरी ५ : व्हायब्रेटर आणि पाणी

काँक्रीटमध्ये ५ टक्के हवेच्या पोकळ्या राहिल्या तर सुमारे ३० टक्के ताकद जाते. म्हणजे १०० पोत्यांपैकी ३० पोती कामाला आलीच नाहीत. व्हायब्रेटर उभा धरायचा, दीड फुटावर एकेक ठिकाणी, बुडबुडे थांबून वर सिमेंटचं पाणी चमकलं की सावकाश काढायचा. सळईला लावून धरायचा नाही. स्लॅबच्या दिवशी एक व्हायब्रेटर जास्तीचा ठेवा. पहिला ऐन दुपारी बंद पडतोच.

आता क्युरिंग, म्हणजे पाणी मारून काँक्रीट ओलं ठेवणं. या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि इथेच पीपीसीचं नाव खराब होतं. गवंडी म्हणतात, "सायेब, ह्यो राखंचा सिमेंट लवकर आवळत न्हाई." त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. ओपीसी पाण्याशी भिडून ताकद धरतं तेव्हा थोडा चुना मोकळा होतो. राख त्या चुन्याशी नंतर, सावकाश, कित्येक आठवडे जोडली जाते आणि तीच पोकळ्या भरत जाते. पण त्यासाठी आत पाणी हवं. चौथ्या दिवशी स्लॅब कोरडा पडला की राख नुसती भुकटी म्हणून आत बसून राहते. मग क्यूब कमी भरतो, चिरा पडतात, आणि मालक शपथ घेतो की पुन्हा ५३ च वापरीन. दोष सिमेंटचा नव्हता, पाण्याचा होता.

आयएस ४५६ प्रमाणे ओपीसीला किमान ७ दिवस, राख-स्लॅगच्या सिमेंटला किमान १० दिवस ओल हवी. कोरड्या, तापलेल्या हवेत १४ दिवस ठेवा. आपल्याकडे मार्च ते मे म्हणजे १४ च धरा.

स्लॅबला: वर बोट ठेवलं तर ठसा उमटेनासा झाला की लगेच ओलं गोणपाट अंथरा. दुसऱ्या दिवशी सकाळी मातीचे किंवा बारीक मसाल्याचे बांध घालून चार-पाच फुटांचे वाफे करा, उसाला पाणी देतो तसे, आणि दोन इंच पाणी उभं ठेवा. स्लॅबचा उतार बघून वाफे पाडा, नाहीतर वरचा वाफा कोरडा आणि खालचा फुटलेला. पाणी कुठे झिरपतंय ते खालून सेंटरिंगला दिसतं. तिथे खूण करून ठेवा, पुढे गळती तिथेच निघते.

कॉलमला: दोन वेळा पाइपने भिजवणं म्हणजे क्युरिंग नव्हे. गोणपाट दुहेरी गुंडाळा, सुतळीने तीन ठिकाणी बांधा, वर प्लास्टिकचा कागद, आणि माथ्यावर तळाला बारीक भोक पाडलेला डबा ठेवा, थेंब-थेंब झिरपत राहतो. तपासायची वेळ दुपारी दोन. सकाळी नऊला सगळं ओलंच दिसतं. दुपारी दोनला गोणपाट पिळून बघा. पाणी आलं तर काम नीट चाललंय. उन्हाच्या बाजूचा, नैर्ऋत्येचा कॉलम आधी बघा.

पाणी मारायला एक माणूस नावानिशी नेमा, त्याचा वेगळा पगार ठरवा. "मारतील कुणीतरी" असं सोडलं की कुणीच मारत नाही. पाऊस सुरू असला तरी त्याला सुट्टी नको. जूनमध्ये दोन दिवस उघडीप मिळाली की उन्हात स्लॅब सुकतो.

सेंटरिंग: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून लांब असेल तर १४ दिवसांनी; सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४, त्यापुढे २१. हे आकडे ओपीसीचे आणि तापमान १५ अंशांच्या वर असतानाचे. पीपीसी-स्लॅगला त्यात दिवस वाढवा आणि किती ते सात दिवसांच्या क्यूबवरून इंजिनिअरला ठरवू द्या. डिसेंबरात पहाटेचा गारठा धरून आणखी थोडे. सेंटरिंगवाल्याशी हे आधीच, दर ठरवताना बोला. नंतर सांगितलं की भांडण होतं.

पायरी ६ : भिंती, गिलावा

राधानगरी, आजरा, चंदगड, शाहूवाडी या बाजूला घर असेल तर जांभ्याचा चिरा पहिला विचारात घ्या. तो भट्टीत भाजावा लागत नाही, मोठा असल्याने सांधे कमी, आणि आत-बाहेर नीट तासून लावला तर गिलाव्याशिवायही शोभतो. कोल्हापूर शहरात वाहतुकीचा हिशेब करून बघा. उडत्या राखेच्या विटा किंवा हलके ब्लॉक मापाला सारखे असतात, त्यावर पातळ गिलावा पुरतो. ९ इंची वीटकामाला १:६ मसाला पुरतो, १:४ फक्त अर्ध्या विटेच्या भिंतीला.

उंदीरसापळा बांधणी, म्हणजे विटा कडेवर उभ्या लावून मधे पोकळी ठेवायची, तिने विटा सुमारे पाव हिश्शाने वाचतात, मसालाही वाचतो आणि उन्हाळ्यात घर गार राहतं. पण विटा एकसारख्या मापाच्या आणि गवंडी शिकलेला हवा. कोपऱ्यात उभी सळई आणि लिंटलची पट्टी सोडायची नाही.

गिलाव्यात सिमेंट कसं मुरतं ते बघायचं तर ओळंबा लावा. भिंत वाकडी गेली की ती सरळ दाखवायला १२ मिलिमीटरऐवजी २५ चा थर चढतो. सिमेंट दुप्पट. गिलावा वाचवायचा तर तो वीटकामाच्या दिवशीच वाचतो. आतल्या कोरड्या खोल्यांना जिप्समचा गिलावा चालतो, त्याला सिमेंटही नको आणि पाणीही मारावं लागत नाही. पूररेषेत घर असेल तर तो अजिबात नको, पाण्यात टिकत नाही.

पायरी ७ : स्लॅबमध्ये जुनी कौलं

स्लॅबच्या खालच्या अर्ध्या भागातलं काँक्रीट ताकद फारशी देत नाही, ओढ सळई घेते. म्हणून तिथे सळयांच्या चौकटीत मंगलोरी कौलं बसवतात. दोन कौलं तोंडाला तोंड लावून ठेवली की मधे हवेची पोकळी राहते. स्लॅबचं काँक्रीट साधारण १५ ते २० टक्के वाचतं आणि वजन कमी झाल्याने खालची सळईही थोडी कमी लागते. पेठांमध्ये घरं पाडताना कौलांचे ढीग निघतात. तडा नसलेली, टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणारी निवडा. टाकायच्या आदल्या रात्री ती पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर काँक्रीटचं पाणी शोषून घेतात. बाल्कनीच्या बाहेर आलेल्या भागात आणि बीमलगतच्या पट्ट्यात कौलं नकोत, तिथे भरीव काँक्रीटच हवं. ड्रॉइंग इंजिनिअरचंच हवं. खालून कौलांची नक्षी उघडी ठेवली तर छताचा गिलावाही वाचतो, आणि मला ती दिसायलाही फार आवडते.

पायरी ८ : आपल्याकडच्या कारखान्यांचं उरलंसुरलं

कोल्हापुरात साखर कारखाने आणि फौंड्र्या इतक्या आहेत की हा प्रश्न मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतं: बगॅसची राख सिमेंटमध्ये टाकू का? शिरोलीच्या फौंड्र्यांची वापरलेली वाळू फुकट मिळते, घेऊ का?

बगॅसच्या राखेत सिलिका भरपूर असते, आणि नीट भाजून बारीक दळली तर ती उडत्या राखेसारखं काम करू शकते. पण बॉयलरमधून येते तशी राख भरड असते, तिच्यात न जळलेला कोळसा असतो, तो पाणी आणि प्लास्टिसायझर पिऊन टाकतो. ढिगातून उचलून आरसीसीत टाकायची नाही. फौंड्रीच्या वापरलेल्या वाळूत बेंटोनाइटची माती आणि कोळशाची पूड असते, तीही काँक्रीटला नको. फौंड्रीच्या भट्टीतला मळ म्हणजे स्लॅग सिमेंटमधली स्लॅग नव्हे, नाव सारखं असलं तरी. हे पदार्थ वापरायचे तर पेव्हर आणि ब्लॉक बनवणाऱ्यांनी, तपासणी आणि परवानगी घेऊन.

पाडलेल्या काँक्रीटची खडी मात्र मानकात बसते: आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे एम २५ पर्यंतच्या आरसीसीत २० टक्के, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, आणि एम १५ च्या खालच्या पीसीसीत (बिनसळईच्या हलक्या काँक्रीटमध्ये) सगळीच्या सगळी. तिने खाणीचा दगड वाचतो. सिमेंट वाचत नाही, हे लक्षात ठेवून वापरा.

पायरी ९ : वही

शंभर पानी वही घ्या. रोज तीन गोष्टी लिहा: कोणतं पोतं किती गेलं, कशाला गेलं, पाणी कुणी मारलं. क्यूबवर तारीख आणि कामाचं नाव खिळ्याने कोरा, सात आणि अठ्ठावीस दिवसांचे आकडे वहीत चिकटवा. दर शनिवारी रिकामी पोती मोजून आकड्याशी ताळा करा.

शेवटी हिशेब असा मांडा. समजा डिझाइन, मिश्रण आणि भिंती मिळून ४०० ची ३४० पोती झाली. त्यातली २४० पीपीसी, प्रत्येकी २८ किलोने ६७२० किलो. १०० स्लॅगची, प्रत्येकी १९ किलोने १९०० किलो. एकूण ८६२० किलो, म्हणजे ८.६ टन. पहिल्या पानावर १६ टन लिहिलंय. वाचले ७ टन ३८० किलो. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तेव्हा हे साधारण ३२०० लिटर पेट्रोल न जाळल्यासारखं झालं. लिटरला ४५ किलोमीटर देणारी मोटारसायकल तेवढ्यात १ लाख ४४ हजार किलोमीटर जाते.

वास्तुशांतीला आलेल्यांपैकी ज्याचं घर पुढे निघायचं आहे, त्याला ती वही बघायला द्या. मिलरच्या शेजारी लावलेला कागदही जपून ठेवा. क्रशर आणि सिमेंट तेच असेल, तर त्याच्या लॅबलाही सुरुवात करायला तो उपयोगी पडतो.